गाडी डावीकडे ओढते

आमच्या ॲम्बॅसिडरमध्ये मूळचं काय काय उरलं आहे, यावर आमच्या घरात आजवर एकमत झालेलं नाही. बाबांच्या मते इंजिन पहिल्या दिवसापासून तेच आहे आणि त्याला कोणी हात लावलेला नाही. आमच्या वाशीमकडच्या मालेगावच्या मिस्त्रीच्या मते ते त्यानं स्वतः खोललेलं आहे, आणि तेव्हा बाबा शेजारीच स्टुलावर बसून चहा पीत होते. माझा चुलत भाऊ म्हणतो की आतून ती अर्धी जीप आहे, फक्त वरून तिला ॲम्बॅसिडरचं लुगडं नेसवलं आहे. माझं मत कोणी विचारत नाही. मी शाळेत विज्ञान शिकवतो, त्यामुळे घरातल्या कुठल्याही यंत्राबद्दल माझ्याकडून कोणाची काही अपेक्षा नसते.

गाडी बाबांनी कारंज्याच्या एका कापसाच्या व्यापाऱ्याकडून जुनी म्हणून घेतली. आमच्या गावी, मेडशीला, ती आली तेव्हा गोठ्यात बैलजोडी होती आणि गाडी अंगणात कडुनिंबाखाली उभी राहायची. पुढे चुलत भावानं ट्रॅक्टर घेतला, बैल गेले, आणि रिकाम्या गोठ्यात गाडी आली. गोठा बैलांच्या मापाचा. गाडी आत घातली की तिची डावी बाजू भिंतीला इतकी लागते की तिकडून मांजरसुद्धा जात नाही. उजवीकडे मात्र एका माणसाला आरामात बसता येईल एवढी जागा उरते.

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर बाबांनी स्टिअरिंग आपणहून सोडलं. किल्ली माझ्या हातात देताना एकच म्हणाले, "इकू नको."

मी म्हटलं, नाही विकणार. तेव्हा ते सोपं वाटलं होतं, कारण विकत घ्यायला कोणी येतच नव्हतं.

अडचण आली ती पासिंगची. गाडीची मुदत संपत आली होती. वाशीमला नेऊन आरटीओच्या साहेबांना दाखवायची, त्यांनी ती चालवून बघायची, ब्रेक, दिवे, हॉर्न तपासायचे, आणि ठीक वाटली तर पुढच्या काही वर्षांची परवानगी. बाबांनी विचारलं, "अन् नाई झाली पास तं?"

"तर मग रस्त्यावर काढता येणार नाही. भंगारवाल्याला बोलवावं लागेल."

खोटं बोलायला हवं होतं, हे मला बोलून झाल्यावर कळलं. बाबा उठले आणि गोठ्यात जाऊन बसले, ते जेवायला हाक मारेपर्यंत.

मग मी कामाला लागलो. दिवे लागत होते. हॉर्न इतका वाजायचा की बसस्टँडवरची माणसं एसटी आली समजून पिशव्या उचलायची. फक्त ब्रेक दाबला की गाडी डावीकडे ओढायची. थोडीथोडकी नाही. मालेगावात शिरताना मी ब्रेक दाबला आणि आम्ही दोघं, म्हणजे मी आणि गाडी, जवळजवळ एका पानठेल्यात शिरलो. ठेलेवाल्यानं शांतपणे विचारलं, "मास्तर, कोनतं पान लावू?"

मिस्त्रीनं गाडी वर उचलली, चाकं काढली, ब्रेकला नवीन लायनर टाकले. चाकाच्या आतला ब्रेक धरतो तो या लायनरमुळेच. तो म्हणाला, "आता लांब चक्कर मारा. वाशीमपर्यंत जाऊन या. लायनर बसले पाह्यजे." मी वाशीमला जाऊन आलो. ब्रेक दाबला की गाडी पट्टीनं आखल्यासारखी सरळ थांबायची. मी आनंदानं गोठ्यात लावली, बाबांना सांगितलं, बाबांनी तिच्या बोनटवर हात फिरवला.

दुसऱ्या दिवशी तिच्यातूनच शाळेत गेलो. शाळेच्या फाटकापाशी ब्रेक दाबला. डावीकडे.

परत मिस्त्री. त्यानं चाक उघडलं, आत बघितलं, कपाळावर आठी घातली आणि म्हणाला, ऑइल सील गेलं असन, आतलं ग्रीस ब्रेकवर उतरून राह्यलं. सील बदललं, लायनर घासून पुसून साफ केले. परत लांब चक्कर, परत पट्टीनं आखल्यासारखी गाडी. आणि गोठ्यात मुक्काम झाला की परत डावीकडे.

इथं माझ्या मनात पहिला संशय आला. मी मुळात संशयी माणूस नाही. म्हणजे मला तसं वाटतं. बायकोला वाटत नाही. पण जो माणूस एक ब्रेक पुन्हापुन्हा दुरुस्त करतो, तो एकतर अडाणी असला पाहिजे किंवा हुशार. मिस्त्री अडाणी नव्हता. त्याचा हेतूही मला सापडला. एकदा गाडीच्या पाठीला पाठ टेकून तो सहज बोलला होता, "आजकाल लगनात नवरदेवाले अशी जुनी गाडी लागते म्हंते लोक. पांढरी असली तं अजून भाव." बस्स. मला सगळं चित्र दिसलं. गाडी पास होऊ द्यायची नाही, आम्ही वैतागून टाकायची, त्यानं उचलायची आणि फुलं लावून लग्नात फिरवायची. पास न झालेली गाडी त्याला तरी कशी फिरवता येईल, हा प्रश्न मला सुचला नाही. संशयाला तेवढं गणित येत नाही.

आणखी एक गोष्ट मला खटकत होती. ब्रेक जोरात दाबला की चाकाकडून एक वास यायचा. जळक्या लायनरचा वास मला माहीत आहे, तो नाकाला झोंबतो. हा तसा नव्हता. उलट चांगला होता. ब्रेक दाबला की मला भूक लागायची. मी समजत होतो, रस्त्यावरच्या हॉटेलात कुठं काही तळत असतील.

घरी वेगळाच खटला सुरू होता, आणि त्यात आरोपी मी होतो. बायको दुधाच्या सायीचं लोणी आठवडाभर फ्रिजमध्ये साठवते आणि मग कढवते. डॉक्टरांनी मला लोणी, तूप, साय यांच्यापासून लांब राहायला सांगितलं आहे. आणि वाटीतलं लोणी कमी होत होतं.

"फ्रिजमदलं लोणी कुठं गेलं?" तिनं विचारलं.

"मला काय माहीत."

"तुमाले नाई तं कोनाले माहीत? बाबाच्या दाताले ब्रेडबी चालत नाही आता, ते लोणी कायले खातीन?"

"मी हात लावलेला नाही."

"हव. अन् मिशीले काय लागलं ते?"

मी आरशात जाऊन बघितलं. काही नव्हतं. पण बघायला गेलो, तिथंच मी दोषी ठरलो.

पुढच्या खेपेला मिस्त्रीकडे गेलो तेव्हा मी मुद्दाम स्टुलावर बसून राहिलो. बाबांसारखं. चहाही सांगितला. त्याच्या हाताकडं माझं लक्ष होतं. पण मला असं दिसलं की त्याचं लक्ष माझ्याकडं होतं. उजवं पुढचं चाक काढून त्यानं लायनर हातात घेतला, नाकाशी नेला, मग माझ्याकडं बघितलं.

"मास्तर, एक इचारू? खरं सांगा."

"विचारा."

"तुमी गाडी दुसरीकडं दाखवून राह्यले."

"काय?"

"माह्या इथून नेता अन् तिकडं अजून कोनाले तरी खोलाले देता. मी बांधलेलं चाक मले वळखू येते. ही ग्रीसची डबी मी अशी ठोकत नाई." चाकाच्या मधोमध ग्रीस भरायची एक छोटी पत्र्याची डबी असते, ती त्यानं बोटानं दाखवली. तिच्या कडेला चपटे मार बसले होते. "हे कोन्या नवशिक्याचं काम हाय. अन् आत भरलं काय त्यानं? पातळ, पिवळं. मी असं भंगार ग्रीस वापरत नाई. इतक्या वर्साचा घरोबा, अन् तुमी मले परखून राह्यले?"

म्हणजे मी ज्याच्यावर संशय घेत होतो, तो माझ्यावर घेत होता. चोर सापडला की असाच कांगावा करतो, असं मी मनात म्हटलं. त्यानंही मनात तेच म्हटलं असणार. आम्ही दोघांनी चहा संपवला आणि एकमेकांचा निरोप जरा जास्तच अदबीनं घेतला.

घरी येऊन मी सापळा लावला. शाळेत तक्ते चिकटवायला पारदर्शक चिकटपट्टी असते. तिचा एक तुकडा मी उजव्या पुढच्या चाकाच्या झाकणावर आणि रिमवर असा आडवा चिकटवला की झाकण काढायचं तर तो फाटलाच पाहिजे. मग मिस्त्रीकडे गेलो, म्हटलं, कार्बोरेटर साफ करा, चाकाला हात लावू नका. तो म्हणाला, "नाई लावत बाप्पा." मी शाळेत जाऊन संध्याकाळी गाडी आणली. पट्टी शाबूत. वाशीमला चक्कर मारली, पट्टी शाबूत. गोठ्यात लावली. दुसऱ्या दिवशी शाळेतून आलो, वाकून बघितलं. पट्टी फाटलेली.

म्हणजे चोर मिस्त्री नव्हता. चोर घराजवळचा होता.

मग माझी नजर चुलत भावावर गेली. त्याचं घर गोठ्याला लागून. मळणी यंत्र ठेवायला त्याला जागा हवी होती, आणि हे तो दर दिवाळीला बोलून दाखवायचा. त्या आठवड्यात त्याच्याकडं गेलो तर त्याच्या हातचा चहा मी घेतला नाही. पोट ठीक नाही म्हणालो. तो म्हणाला, "काहून, वयनीनं लोणी बंद केलं म्हनून पोटाले राग आला काय?" म्हणजे लोण्याची बातमी त्याच्यापर्यंत पोचली होती. माझा संशय पक्का झाला. का पक्का झाला ते आज मला नीट सांगता येणार नाही.

पासिंगची तारीख पुढच्या आठवड्यात होती. शनिवारी मी गाडीला पुन्हा वाशीमची चक्कर मारून आणली आणि रविवारी सकाळी बायकोला म्हटलं, मालेगावला जातो. मोटरसायकल फाट्यावर एका ओळखीच्या दुकानाशी लावली आणि शेताच्या बाजूनं चालत मागच्या दारानं गोठ्याजवळ आलो. गोठ्याच्या मागं सोयाबीनच्या कुटाराचा ढीग होता. सोयाबीन काढल्यावर उरलेला भुसा. त्याच्या आड मी बसलो. कुटार अंगाला किती खाजतं, हे शेतकऱ्याच्या मुलाला माहीत असायला हवं. मला होतं, पण मी विसरलो होतो. मी भावाची वाट बघत खाजवत होतो.

भाऊ आला नाही. ऊन चढल्यावर बाबा आले.

त्यांच्या एका हातात वाटी होती, दुसऱ्या हातात पळसाचं पान. ते गाडीच्या उजव्या बाजूला गेले, पोत्यावर बसले, पेचकसानं चाकाचं झाकण हळूच उचकटलं. मग त्या छोट्या डबीला खुरप्याच्या मुठीनं चारी बाजूंनी ठोकलं. डबी निघाली. त्यांनी पानावर वाटीतलं पिवळं घेतलं आणि बोटानं आत भरायला लागले. सावकाश, दाबून. एका हातानं मडगार्डवर थोपटत होते.

"लय दूर नेलतं काल," ते म्हणाले. "थकली असशीन."

ते काय करत होते हे मला लगेच कळलं, कारण लहानपणी ती वाटी धरून मीच उभा असायचो. पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे बैलांचे खांदे शेकतात. वर्षभर जू वाहून खांद्याला गाठी आलेल्या असतात. लोण्यात हळद कालवून, गरम करून, पळसाच्या पानानं ते खांद्यावर चोळायचं. बाबा पोळ्याची वाटही बघायचे नाहीत. बैल लांबच्या बाजाराहून आले की त्याच संध्याकाळी खांदा शेकायचे. आता बैल नव्हते. गोठा होता, आणि गोठ्यात जी होती ती लांबून आली होती. जू नाही तर ओझं कशावर येतं? पुढच्या चाकांवर. डावं चाक भिंतीकडं, तिथं हात पोचत नव्हता. म्हणून फक्त उजवं.

आणि उजव्या चाकातलं लोणी गाडी तापली की वितळायचं, सीलमधून झिरपायचं आणि ब्रेकच्या लायनरवर पसरायचं. घर्षण कमी. हा धडा मी आठवीला शिकवतो.

मी आडोशातून बाहेर आलो नाही. बाबा उठून गेल्यावर खाजवत घरी गेलो. बायकोनं विचारलं, "मोटरसायकल कुठं हाय?" मग माझ्या गळ्यावरचे लाल चट्टे बघितले, आणि मग तिनं फ्रिज उघडला.

"आज तं अर्धी वाटी गेली."

मी म्हटलं, "मीच खाल्लं."

"माहीत होतं मले," ती म्हणाली. तिचा आवाज इतका समाधानी होता की मलाही दोन क्षण बरं वाटलं.

आता बाबांना सांगायचं कसं, हा प्रश्न होता. सांगितलं नाही तर गाडी पास होणार नव्हती. सांगितलं तर त्यांना कळणार होतं की आपणच तिला भंगाराच्या वाटेला लावत होतो. मी मिस्त्रीला फोन करून सगळं सांगितलं आणि म्हटलं, तुम्ही सांगता का? तुमचं ऐकतील.  मग तो म्हणाला, "मास्तर, बाप तुमचा. ब्रेक मी पाहीन, बाप तुमी पाहा."

सोमवारी सकाळी मी बाबांना म्हटलं, चला, चक्कर मारू. ते पुढं बसले. मेडशीच्या बाहेर रस्ता मोकळा होता. मी वेग घेतला, मग उतारावर दोनतीनदा जोरात ब्रेक दाबला. गाडी डावीकडं तुरीच्या शेताकडे गेली. बाबांनी दाराला धरलं.

"ब्रेक गेला हा," ते म्हणाले. इतकी वर्षं गाडी चालवलेला माणूस, त्यांना सांगावं लागलं नाही. मग आवाज खाली आणून म्हणाले, "मले मिस्त्रीवरच शंका येऊन राह्यली. आधी असा नव्हता तो."

मी गाडी कडेला घेतली. "बाबा, जरा उतरा. चाकापाशी या."

ते आले. चाक गरम होतं. मी वाकलो. तेही वाकले. त्यांनी एकदा हुंगलं, मग पुन्हा. नाक त्यांचं अजून शाबूत आहे, भाजीत हिंग कमी पडला तर ते ताट समोर येण्याआधी सांगतात.

"लोणी कढलं," ते म्हणाले.

मग ते रस्त्याच्या कडेच्या दगडावर बसले. एक एसटी गेली, तिचा वारा आमच्या अंगावर आला. मी काहीतरी बोलायला हवं म्हणून म्हटलं, "चूक नाही तुमची."

"मंग कोनाची हाय?" त्यांनी विचारलं. मग चाकाकडं बघत, "मी चालवत होतो तवा मले समजे, कधी तिले जड झालं, कधी नाई. आता तू चालवतं. तू तं आला का किल्ली काढतं अन् घरात जातं. मागं वळून पाहत नाई. मंग कोनं पाहाव तिच्याकडं?"

 खरं म्हणजे मी तिच्याकडं पुष्कळ बघत होतो, चिकटपट्ट्या लावून. पण ते सांगण्यासारखं नव्हतं.

"चाल मालेगावले," ते उठत म्हणाले. "हळू ने."

मिस्त्री दुकानाच्या दारातच उभा होता. बाबा उतरले, सरळ त्याच्यापुढं गेले. "तुह्या कामात काही खोट नाई. मी तिचा खांदा शेकला. लोण्यानं."

मला वाटलं मिस्त्री हसेल. तो हसला नाही. त्याचं तोंड खरं तर अजून जरा फुगलेलंच होतं, पण ते माझ्यासाठी होतं. बाबांना त्यानं स्टूल दिलं.

"बाबा, खांदा शेका ना, कोन नाई म्हंते. पन तुमी जिथं शेकलं तो तिचा खांदा नाई. तो खूर हाय. खुराले लोणी लावलं तं बैल उतारावर कसा थांबन?"

बाबांनी चाकाकडं बघितलं, मग मान हलवली. हे त्यांना पटलं. मी त्यांना घर्षण समजावणार होतो.

मिस्त्रीनं ते चाक पूर्ण उघडलं. आतलं सगळं रॉकेलनं धुतलं, लायनर बदलले, सील बदललं, ग्रीस स्वतःच्या हातानं भरलं. बाबा शेजारी बसून होते, चहा न घेता. मध्येच त्यांनी विचारलं, "मंग खांदा कोनता हिचा?" मिस्त्री विचारात पडला. त्यानं बोनट उघडलं, बंद केलं, गाडीभोवती एक फेरी मारली. शेवटी म्हणाला, दारांच्या बिजागऱ्या. सगळं ओझं त्याच धरतात, आणि तिथं लोणी गेलं तर कोणाचं काही बिघडत नाही. बाबांनी ते दोनदा वदवून घेतलं.

पासिंगच्या दिवशी आम्ही तिघं गेलो. मिस्त्री आपणहून आला, म्हणाला, माझं नाव खराब व्हायला नको.  मी प्रत्येक ब्रेक दाबताना नाकानं वास घेत होतो. आरशात बघितलं तर मिस्त्रीही घेत होता.

साहेब तरुण होते. ते गाडीत बसले, मैदानात फेरी मारली, वेग घेतला आणि एकदम ब्रेक दाबला. बाबांनी माझा दंड धरला होता, त्यांनाही कळलं नसेल इतका घट्ट. धूळ उडाली. धूळ खाली बसली तेव्हा गाडी ज्या ओळीत निघाली होती त्याच ओळीत उभी होती.

साहेब उतरले. टपावर हात टेकून त्यांनी गाडीकडं पुन्हा एकदा बघितलं.

"इतक्या जुन्या गाडीचा ब्रेक असा राहत नाही," ते म्हणाले. "हिची निगा कोण ठेवतं?"

मिस्त्रीनं छाती जरा पुढं केली. मीही, का कोण जाणे, शर्ट सारखा केला. आम्हा दोघांच्या मधून बाबा पुढं आले.

"मी," ते म्हणाले.

मिस्त्रीनं माझ्याकडं बघितलं, मी त्याच्याकडं. त्या आठवड्यात पहिल्यांदाच आम्हाला एकमेकांबद्दल काहीही शंका नव्हती. आम्ही दोघंही गप्प राहिलो.